मागून पडणारा ठोका

सहा दिवस हातमाग आणि लग्नसराईत बँडचा साइड ड्रम, असं माझं चालायचं. घरात तेलुगू, बँडात मराठी, आणि भांडायला दोन्ही. पण माझा ठोका मधूनच मागे पडायचा. आमचे मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. मोडनिंबच्या लग्नाला जाताना त्यांनी बजावलं, "आज एक जरी ठोका चुकला, तर उद्यापास्नं येऊ नगंस." पितळी बटणांचा तो लाल कोट मला जिवापेक्षा प्यारा होता.

सकाळी नवरदेव घोड्यावरून मारुतीला निघाला. पुढ्यात बसवलेली चिमुरडी भाची बँडच्या आवाजानं जी रडायला लागली, ती थांबेचना. मास्तरांनी सिनेमाचं गाणं सोडून दिलं आणि आमच्या भागात पोरांना भरवताना म्हणतात ते बडबडगीत धरलं, "कडक भाकरी कुडुम कुडुम, खातंय कोण? उंदीरमामा!"

याला ठोका कसा द्यायचा, कुणी शिकवलंच नव्हतं. मी घाबरलो आणि हात मागावरच्या सवयीनं चालला. मागावर आधी पाय दाबायचा, धोटा फेकायचा, मग फणी ठोकायची. तसाच माझा ठोका प्रत्येक सुराच्या मागून, मोकळ्या जागेत पडू लागला. मास्तरांनी डोळे वटारले. मला कळत होतं, पण हात ऐकेना. गेला कोट, म्हटलं.

तेवढ्यात ती पोर रडायची थांबली आणि नेमकी माझ्या ठोक्यावर मान डोलवू लागली. मग नवरदेवाच्या आत्यानं पदर खोचून फेर धरला, मागोमाग सगळं वऱ्हाड नाचू लागलं. देऊळ हाकेच्या अंतरावर, पण तिथं पोचायला तासभर लागला.

परतताना मास्तर एवढंच म्हणाले, "फुडल्या लग्नाला बी असंच वाजीव."

पुढच्या लग्नसराईत माढ्याच्या एका बँडनं ते गाणं ट्रम्पेटवर घेतलं, सोलापुरात कुणी सनईवर. आमची मंडळी चिडली, चोरलं म्हणाली. एरवी भांडणात मी सर्वांत पुढे. या वेळी गप्प बसलो, कारण सगळ्यांचा ठोका मागूनच पडत होता.

एकदा टेंभुर्णीला एस्टीची वाट बघत चहा पीत होतो. शेजारच्या मांडवात कुठलासा बँड तेच गाणं बसवत होता. नवा ड्रमवाला सरळ सुरावर ठोके देत होता. त्यांच्या मास्तरांनी वाजवणं थांबवलं आणि ते खेकसले, "आरं, एक जरी ठोका सुरावर पडला, तर उद्यापास्नं येऊ नगंस!"

मी चहावाल्याला म्हटलं, "ती चूक माझी हाय की!"