नटावरचं कुंकू

मी वर्तमानपत्रात बातम्या लिहितो. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवायची सवय त्या कामाने लावली. तिच्यामुळेच असेल, अनुभवाच्या, प्रचितीच्या गोष्टींवर माझा विश्वास बसत नसे. पुढची हकीकत बाहत्तर सालच्या दसऱ्याची आहे. तिच्यात चमत्कार होता की नाही, हे मी ठरवत नाही. माझ्या हातून काय घडलं, तेवढं मला नक्की माहीत आहे.

नगरला लष्कराच्या लिलावात मी एक जुनी जीप घेतली होती. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं, या वेडापायी अकरा महिने अंगणात पसारा पडला होता. काम रशीदचाचांचं, मी हाताखाली. चाचा गल्लीच्या टोकाला राहत. ज्या हिंदू उस्तादाकडे ते मिस्त्रीकाम शिकले, त्याची एक रीत त्यांनी कधी सोडली नाही. खंडेनवमीला हत्यारं पुसायची, हळदकुंकू लावून पाटावर मांडायची आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गाडी तयार झाली की पहिली फेरी शिर्डीची, असं माझ्या आईने बोलून ठेवलं होतं.

नवमीला सगळं जुळून आलं होतं. मला मात्र इंजिन जरा मंद वाटत होतं. डिझेलचा पंप थोडा पुढे फिरवला तर ते चपळ होईल, असं मी कुठेसं वाचलं होतं. चाचांना तसं म्हणालो.

"पंप जाग्यावर हाय दादा, मी खूण मारून ठिवलीया. आन् आज हत्यारं बसल्यात. उद्या बघू."

ते जेवायला गेले. मी पाटावरचा पाना उचलला, पंपाचे नट सैल केले, पंप सूतभर फिरवला, नट आवळले आणि पाना होता तसा परत ठेवला.

दसऱ्याला सकाळी गल्ली जमली. आईने नारळ फोडला. इंजिन सुरू झालं आणि घणाचे घाव पडावेत तसं ठोकू लागलं.

"पत्रकार, जीप हाय का पिठाची गिरनी?" गर्दीतून कुणी ओरडलं. लोक हसले. त्यांत ट्रकमालक अण्णा होते. त्यांच्या तीन ट्रकांचं काम त्या दिवसापासून चाचांकडे यायचं ठरलं होतं. अण्णांनी विचारलं, "पंप कोणी बसवला?"

"चाचांनी," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. बातमीत छापलं असतं तर कुणाला खोडता आलं नसतं. "मग आमच्या गाड्या राहू द्या," अण्णा म्हणाले. चाचा बॉनेटखाली वाकले, घटकाभर पाहत राहिले, मग हत्यारांची पिशवी उचलून घरी गेले. ते रागावले, असा मी समज करून घेतला. तो सोयीचा होता.

हट्टाने मी आईला बसवून निघालो. राहुरीपर्यंत गाडी ठोकत, धुराचे लोट सोडत गेली. कोल्हारच्या अलीकडे रेडिएटर उकळला आणि इंजिन बंद पडलं. दुष्काळाचं साल, दोन्ही बाजूंना करपलेली रानं, जवळपास पाणी नाही. आई उन्हात बसून हळू आवाजात नामस्मरण करत होती. मी तिला सांगितलं, "चाचांनी घोळ घातला." दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं.

तेवढ्यात सायकलवरून एक म्हातारा उतरला. साखर कारखान्यात फिटर आहे म्हणाला. सायकलला पाण्याचा डबा टांगलेला होता. इंजिन निवेपर्यंत तो थांबला. मग बॉनेटखाली वाकला आणि लगेच मान वर केली.

"पंपाच्या खुना जुळत न्हाईत. बसवनाऱ्यानं ब्येस बसवला हुता, मागनं कुनीतरी फिरीवलाय." मग नटावर बोट ठेवून म्हणाला, "आन् ह्ये कुंकू? खंडेनवमीचा पाना उचलला व्हय कुनी?"

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं ते आईने.

सायकलच्या पिशवीतला पाना काढून त्याने नट सैल केले, खुणेला खूण जुळवून पंप आवळला आणि डब्यातलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. ते प्यायचं पाणी होतं, घरी न्यायचं. मी अडवलं तर म्हणाला, "घ्या. मी कारखान्यावनं परत भरून आनतो." इंजिन एका दमात सुरू झालं, ठोका गेला होता. तो सायकलवर टांग टाकून निघून गेला. पुढे कारखान्यावर मी दोनदा चौकशी केली, तो सापडला नाही. तिथे फिटर पुष्कळ आहेत, एवढंच नोंदवतो.

शिर्डी तासाभरावर होती. आई म्हणाली, "गाडी माघारी घे. हे तोंड घेऊन बाबांपुढं उभं राहायचं न्हाई. आधी त्या मानसाकडं चल."

संध्याकाळी परतलो तेव्हा सोनं वाटायला गल्ली बाहेर पडली होती. चाचांना गाठून सगळ्या गल्लीसमोर, अण्णांसमोर मी सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चाचा म्हणाले, "सकाळीच दिसलं हुतं कुंकू."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची आय नारळ घेऊन उभी हुती, दादा. सनासुदीला तिच्यासमोर तिच्या लेकाला खोटं पाडू?"

पुढच्या गुरुवारी चाचांनीच आम्हाला जीपमधून शिर्डीला नेलं. रांगेत मला मागण्यासारखं काही सुचलं नाही. गाडी सुरळीत चालली असती, तर माझं खोटं मी थेट समाधीपर्यंत नेलं असतं, वर हात जोडले असते आणि दर्शन छान झालं असं घरी सांगितलं असतं. ती बंद पडली, ही माझ्यावर झालेली कृपा, असं मी मानतो. माणूस आपल्या हुशारीने जे झाकतो, ते उघडं पडू देणं हीच शरणागती असावी. ती मी स्वतःहून पत्करली नाही, मला रस्त्यात अडवून करवून घ्यावी लागली, याची लाज आजही वाटते.

अण्णांनी दसऱ्याच्या दुपारीच ट्रकांचं काम दुसऱ्या मिस्त्रीला देऊन टाकलं होतं. ते काम चाचांकडे कधीच आलं नाही. शिर्डीला जातो तेव्हा दरवेळी हे बाबांना सांगतो. क्षमा मागत नाही, घडलं तसं सांगतो आणि मागच्या माणसासाठी बाजूला होतो.