सहीच्या वरची जागा

चार निवृत्त मास्तर एकत्र बसले की किस्से निघणारच. पण आमचे किस्से बहुतेक एकाच इंग्रजी शब्दावरून निघतात. ओबिडिएंट. नुसता उच्चारला तरी आमच्यातला एखादा हसायला लागतो आणि एखादा गप्प होतो. मी गप्प होणाऱ्यांतला.

निजामाचं राज्य होतं. परंड्यात किल्ल्याजवळ आमची शाळा. कारभार सगळा उर्दूत, पण हेडमास्तर काझीसाहेबांचा हट्ट असा की मास्तरांनी रजेचा अर्ज इंग्रजीतच करायचा. "नाही तर जबान गंजते," म्हणायचे. आणि सहीच्या वर 'युवर मोस्ट ओबिडिएंट सर्व्हंट' पाहिजे म्हणजे पाहिजेच. नसलं तर त्या मोकळ्या जागी लाल शाईचा गोल, आणि अर्ज परत.

पहिल्याच बैठकीत त्यांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, "आज्ञाधारक." उर्दूचे मौलवी म्हणाले, "फर्माबरदार." गणिताचे शिवलिंगप्पा मूळचे जळकोटचे, घरात कानडी. ते म्हणाले, "आमच्यात विधेय म्हणत्यात."

काझीसाहेब खूश. "जबानी वेगळ्या, माणूस एकच. मान खाली घालून उभा."

*

आमच्या ड्रॉइंग मास्तरांना हा शब्द फार भारदस्त वाटला. त्यांनी सास्तूरला सासऱ्यांना इंग्रजीत पत्र धाडलं आणि खाली तेच ठोकलं. सासऱ्यांनी ते एका कंपाउंडरकडून वाचून घेतलं. तो म्हणाला, "जावई लिवत्यात, तुमी सांगाल ते करीन."

आठ दिवसांत सांगावा आला. भुईमूग काढायला या. परतले तेव्हा हाताला हे एवढाले फोड, खडू धरवेना. काझीसाहेबांनी विचारलं, "आता कळला अर्थ?"

*

दुसऱ्या एका मास्तरांना तेच तेच लिहायचा कंटाळा आला. डिक्शनरी उघडून त्यांनी त्याच अर्थाचा दुसरा शब्द काढला, 'डोसाइल'. अर्ज परत.

"साहेब, अर्थ तर तोच आहे."

"डोसाइल बैल असतो. मास्तर ओबिडिएंट असतो."

"फरक काय?"

"बैल अर्ज करत नाही," काझीसाहेब म्हणाले.

*

मग दिवस फिरले. गावातनं रझाकार कवायत करत जायचे आणि बार्शीकडं, हद्दीच्या पलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्या आपल्या पोरांचे कॅम्प पडले होते. शिवलिंगप्पांचा धाकटा भाऊ त्यातल्याच एका कॅम्पात होता. शाळेत हे फक्त मला ठाऊक होतं आणि मला त्याची लई भीती वाटायची. मी भित्रा माणूस, लपवत नाही.

एका सकाळी निरोप आला की भावाला रझाकारांची गोळी लागलीय. शिवलिंगप्पांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. भाऊ आजारी, एवढंच कारण. खाली नुसती सही.

काझीसाहेबांनी लाल गोल काढला. "मास्तर, राहिलं."

"राहिलं न्हाय साहेब. ते म्या लिहिणार न्हाय."

मी शेजारीच उभा होतो, त्यांना कोपरानं ढोसलं. चार शब्द लिहायचे, काय जातंय? पण शिवलिंगप्पांनी अर्ज साहेबांकडंच परत सरकवला. "भाऊ तसा पडलाय, आन् म्या हे लिहू?"

"कुठं पडलाय?"

शिवलिंगप्पांनी दाराकडं पाहिलं. दारात चपराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. काझीसाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग अर्ज उचलून फायलीत ठेवला.

"जा. तीन दिवस."

*

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पोलिसांचा अमीन शाळेत आला. मागं दोन शिपाई.

"शिवलिंगप्पाचा अर्ज दाखवा. ऐकलंय, सरकारचा ओबिडिएंट म्हणवून घ्यायला त्यानं नकार दिलाय."

तसा कागद हाती लागला असता तर शिवलिंगप्पा परत येताच थेट तुरुंगात गेले असते. काझीसाहेबांनी सावकाश फाईल उघडली आणि अर्ज पुढं सरकवला.

लाल गोल होता. आणि त्या गोलात, काझीसाहेबांच्या अक्षरात, लाल शाईनं, ते चारही शब्द होते.

"ही शाई तुमची," अमीन म्हणाला.

"चुका दुरुस्त करायच्या म्हणूनच सरकारनं मला इथं बसवलंय."

अमीननं कागद परत सरकवला आणि म्हणाला, "ठीक. तो कुठं गेलाय, कुणाकडं गेलाय, ते उद्या जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांना लेखी कळवा. नाही कळवलंत तर ही खुर्ची तुमची राहणार नाही. बाकीचं काय होईल ते तुम्ही जाणता."

*

सकाळी काझीसाहेबांनी मला बोलावलं. रात्रभर झोपले नव्हते, डोळे सांगत होते. तालुकदारांना, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांना, लिहिलेलं इंग्रजी पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं.

"तपासा. चूक असली तर लाल शाई समोर आहे."

पत्र दोनच ओळींचं होतं. शिवलिंगप्पा मास्तर माझ्या मंजुरीनं रजेवर आहेत. कुठं गेलेत, ते मी सांगणार नाही. खाली नुसती सही.

मी दोनदा वाचलं.

"साहेब, खाली राहिलं."

"माहीत आहे," काझीसाहेब म्हणाले. त्यांनी लाल शाईच्या दौतीला बूच लावलं आणि चपराशाला हाक मारली. "हे टपालात टाक."