रंगाऱ्याची तिथी

इस्त्रीवाल्या वहिनींच्या तोंडी लागायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. शर्टाची घडी मोडल्याची तक्रार घेऊन कुणी आलं, की त्या सरळ विचारत, "घडी मी मोडली की तुमच्या पोटानं?" गिऱ्हाईक हसत हसत, पोट आत ओढून घरी जाई.

एक विषय मात्र त्यांच्यासमोर कुणी काढत नसे. त्यांचे यजमान रंगारी. परगावी काम लागलंय म्हणून एका सकाळी ब्रश बांधून गेले, ते गेलेच. ना निरोप, ना पत्ता. पोलिसांकडे खेटे घालून झाले, दवाखाने पालथे घालून झाले. वहिनींचं आपलं एकच, "येतील. कामाच्या नादात घर विसरायची खोड आहे त्यांना." घराच्या भिंतींचे पोपडे पडत होते, पण रंग काढू देतील तर शपथ. रंगाऱ्याच्या घराला परक्यानं ब्रश लावायचा म्हणजे काय!

असा माणूस बारा वर्षं सापडला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि पुढचं सगळं करायचं, अशी रीत. बारा वर्षं उलटली तसे धाकटे दीर दुकानात आले. वहिनींनी इस्त्री खालीसुद्धा ठेवली नाही.

"जित्या माणसाला जाळू, भावोजी? उद्या दारात उभे राहिले तर कुठल्या तोंडानं पाणी देऊ?"

"आला तर मी त्याचे पाय धरीन, वहिनी. पण गेला असेल तर? इतकी वर्षं त्याला कुणी ओंजळभर पाणीसुद्धा दिलेलं नाही."

एवढं बोलून दीर निघून गेले. इस्त्री एका कॉलरवर थांबली, ती जळका वास येईपर्यंत. कितीही भांडण झालं तरी वहिनींनी नवऱ्याला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. दुकान भरदुपारी बंद झालं. रात्री त्यांनी मुलाला गुरुजींकडे धाडलं.

नदीकाठी गुरुजींनी पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. वहिनी लांब, जावेजवळ बसल्या होत्या. पुतळा पाहून त्यांना राहवेना.

"एवढे बुटके नव्हते ते. शिडी न घेता छताला हात पोचायचा त्यांचा."

मुलानं मान खाली घातली. त्याला बापाची उंची आठवत नव्हती. गुरुजींनी आणखी दर्भ घेऊन पाय लांब केले.

"दरवर्षीच्या श्राद्धाला तिथी लागेल," ते म्हणाले. "घरातून निघाले ती धरू?"

"त्या दिवशी चांगले धडधाकट होते. माझ्यावर चिडून गेले होते."

"मग त्या महिन्याची अमावास्या धरू, वहिनी," दीर हळूच म्हणाले. "चालते तशी."

वहिनींनी मान हलवली. त्या उठून पुतळ्याजवळ आल्या. डोळ्यांना धार लागली होती, ती त्यांनी पुसलीही नाही.

"आजची धरा, गुरुजी. आज सकाळपर्यंत ते येणार होते."

गुरुजींनी आजची तिथी धरली आणि मुलाला पुढे बोलावलं.