पाठीवरचं धरण

अक्काला स्वतःची जखम कधी दिसली नाही. पाठीवरची, मणक्याच्या ऑपरेशनची, दिसणार कशी? जन्मभर ऊसतोडीला जाऊन, डोक्यावर मोळ्या वाहून माझ्या या थोरल्या बहिणीचे मणके बसले, पाय बधिर झाले, म्हणून शिरूर कासारहून बीडला नेऊन स्क्रू-पट्ट्या बसवल्या. घरी आणलं, तर टाके निघायच्या आतच पाठीखालची चादर ओली व्हायला लागली. ताप चढला. परत बीड, जीपमध्ये आडवी घालून.

"आता येताना उंबरा माझ्या पायानं वलांडीन," ती जीपमधूनच म्हणाली.

डॉक्टरांनी जखम उघडून धुतली, पू तपासायला पाठवला, सलाईनमधून औषध सुरू केलं. "स्क्रूपर्यंत गेला तर अवघड आहे," म्हणाले.

ड्रेसिंगच्या वेळी तिला कुशीवर धरून ठेवायचं काम माझं. तसा मी रक्त पाहिलं की गार पडणारा माणूस. पहिल्या दिवशी नर्सनं पेशंटला सोडून मलाच पाणी पाजलं. पण जखमेची बातमी अक्काला माझ्याच तोंडून हवी असायची. आमच्या घरात गोष्टी सांगणारा मी. गोष्टीतली हरवलेली शेळी अर्ध्या तासाच्या आत सापडू न देणारा.

"किती हाय रं?"

"माजलगावचं धरण हाय, अक्का. काठोकाठ."

"लई फेकतूस. निम्मंच धरते मी तुझं."

मग धरणाचं तळं झालं, तळ्याचा आड. जखमेत भरायची कापडी पट्टी रोज थोडी कमी लागू लागली. "आता घागरबी बुडंना," म्हणालो, तर अक्का म्हणाली, "हसवू नगंस, ठणकतंय." आणि हसलीच.

एका सकाळी पट्टी पिवळी निघाली. वास आला. नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली.

"आज किती हाय?"

"बरी हाय."

अक्काचं तोंड भिंतीकडं होतं.

"कावून रं? आज गोष्ट न्हाई?"

मी तिची कूस सावरून धरली.

दुपारी तिला पुन्हा ऑपरेशनला आत न्यायचं ठरलं. स्ट्रेचरवर तिनं माझी बाही धरली. "आता तरी खरं सांग."

"भरलंय, अक्का."

"मग दारं उघडावीच लागत्याल," ती म्हणाली, आणि उलट माझाच हात थोपटला.

विष रक्तात उतरलं होतं. ती शुद्धीवर आली नाही. उंबऱ्यावरून तिला चौघांनी उचलून आत आणलं.

भेटायला येणारे विचारतात, "कसं झालं हो?" आणि नीट मांडी घालून बसतात, मला ओळखतात ना सगळे.

"जखम चिघळली," मी म्हणतो.

ते जरा वेळ वाट बघतात. मग कुणीतरी चहा आणतं.