विहीणबाईंच्या जिन्याची बातमी

चष्म्याच्या दुकानात माणूस नंबर काढायला जातो, नाहीतर मोडलेली काडी बसवून घ्यायला. नंबरकाकांच्या दुकानात मात्र एक तिसरं काम गळ्यात पडायचं. ती काचांची जड चौकट तुमच्या नाकावर चढली, एका डोळ्यावर झाकण पडलं आणि तुम्ही पुरते ताब्यात आलात, की काका काच बदलत म्हणायचे, "हे बरं की मघाचं?" तुम्ही "हे" म्हणता न म्हणता पुढचा प्रश्न यायचा, "तुमच्या भाषेत विचारणं याला काय म्हणतात हो?"

गिऱ्हाईक पळणार कुठे? अर्धं आंधळं करून ठेवलेलं! बिचारं सांगून मोकळं व्हायचं.

हा नाद त्यांना लागला तो पोटापायी. शिक्षण अर्धवट सुटलं तेव्हा ते दुसऱ्याच्या दुकानात काचा पुसायला राहिले. तिथला मालक म्हणायचा, यंत्र अर्धा नंबर सांगतं, उरलेला गिऱ्हाइकाच्या तोंडून काढावा लागतो. ज्याला विचारता येत नाही त्याने चष्मे विकू नयेत, पापड विकावेत. मग काका ज्याला त्याला त्याच्या भाषेत "बरं दिसतंय का" विचारायला शिकले. शिकता शिकता शब्दांच्या मुळाशी जायची खाज सुटली. रद्दीवाल्याकडे कुठलाही शब्दकोश आला की तो काकांसाठी बाजूला निघायचा. पुढे स्वतःचं दुकान झालं, वर राहायची जागा झाली, आणि दुकानामागची खोली या कोशांनी भरली. खोली चांगली, खिडकीची, पुढच्या दुकानाशी एका पातळीवरची. तिच्यात माणूस म्हणून कुणी राहत नव्हतं. राहायचे ते कोश, आणि दुपारी तासभर काका, घोरत.

पण सांगायला लागले की ऐकत राहावं, हे कबूल केलं पाहिजे. मागणे हा शब्द मार्गावरून आला, आणि मार्ग म्हणजे मुळात मृगाची, जनावराची वाट; तेव्हा मागणारा माणूस म्हणजे माग काढत निघालेला शिकारी. विचारणं म्हणजे मनाने चार ठिकाणी हिंडून येणं. जुन्या पोथ्यांतलं पुसणं, फारसीतलं पुर्सिदन आणि जर्मनांचं फ्रागेन ही एकाच घरातली चुलत भावंडं. इंग्रजांचं आस्क आपल्या इच्छेची लांबची बहीण. अरबीत सवाल करणारा विद्यार्थीही असतो आणि दारातला फकीरही. हे सगळं ते इतक्या रंगात येऊन सांगायचे, की एकदा एका बाईंना डाव्या डोळ्याचा नंबर त्यांनी उजव्याला दिला. बाई महिनाभर तिरक्या चालत होत्या म्हणे. अर्थात हे सांगणारे शेजारचे शिंपी, आणि शिंप्यांना कापायला कापड नसलं की माणसं लागतात.

काकांच्या मुलाने लग्न केलं ते दुसऱ्या भाषेतल्या मुलीशी. चिरंजीव फ्रेमांचे नमुने घेऊन गावोगाव फिरायचे. त्या फिरण्यात कुठेतरी ही भेटली. काका खूश. घरात नवी सून आली म्हणून थोडे, नवी भाषा आली म्हणून फार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला गाठलं.

"सूनबाई, तुमच्यात मागणं याला शब्द काय?"

ती जरा घुटमळली. "आहे एक शब्द. पण तो तान्ह्या मुलाच्या रडण्यावरून आलाय, बाबा. मोठी माणसं वापरत नाहीत."

"मग मोठी माणसं मागतात कशी?"

"नाही मागत," ती म्हणाली आणि हसून कामाला लागली.

काकांनी हे गिऱ्हाइकांना खूप दिवस पुरवलं. म्हणे ज्यांच्याकडे मागायला शब्दच नाही असे लोक! सून मात्र कामाची निघाली. काचेच्या कडा चाकावर घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तिने उचललं, मराठीही झपाट्याने उचलली. फक्त एक सवय गेली नाही. ती कधी काही मागत नसे, नुसती बातमी द्यायची. "स्क्रूची डबी रिकामी आहे." "चाकाचा पट्टा सैल झालाय." आणि मग आपलं काम करत राहायची. डबी भरली जायची, पट्टा बदलला जायचा, काका म्हणायचे, "बघा, सांगितलं नाही तरी आम्ही करतो!"

गेलं वर्षभर तिच्या बातम्यांत एक बातमी वाढली होती. तिची आई गावाच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. लिफ्ट नव्हती. "आईला आता जिना चढवत नाही," ती चहाच्या वेळी म्हणायची. काका म्हणायचे, "अरेरे." पुढच्या आठवड्यात, "आई काल मधल्या मजल्यावर बसून राहिली होती." काका, "च्च. वय झालं." मग, "मागच्या खोलीत सकाळी छान ऊन येतं, नाही?" यावर काका म्हणाले, "हो, पण त्याने पुस्तकांचे पुठ्ठे उलतात," आणि दुसऱ्या दिवशी खिडकीला जाड पडदा लावला.

पडदा लावला! आता काय बोलणार!

त्या वर्षी व्यापारी मंडळाच्या स्नेहसंमेलनात काकांना 'चार शब्द' बोलायला सांगितलं. काकांनी चारशे बोलून घेतले. मृग झाला, फकीर झाला, लोक जांभया द्यायला लागले, मागच्या रांगेतला किराणावाला घड्याळ बघायला लागला. वक्त्याला सभा हातातून निसटताना दिसली की तो घरचं विकायला काढतो. काकांनी सून काढली.

"आमच्या सूनबाईंच्या भाषेत मागणं नाहीच! त्या बातम्या देतात." आणि त्यांनी नक्कल सुरू केली. मान एका बाजूला, हात पदराशी, आवाज सपाट. "'डबी रिकामी आहे.'" सभा हसली. "'पट्टा सैल आहे.'" आणखी हसली. "आणि रोज संध्याकाळचं मुख्य बातमीपत्र म्हणजे विहीणबाईंचा जिना! 'आईला जिना चढवत नाही.' 'आई मधल्या मजल्यावर बसली.' अहो, त्या जिन्याला माझ्यापेक्षा जास्त माणसं ओळखत असतील!"

किराणावाला मांडीवर थापा मारायला लागला. आणि तेवढ्यात काकांना दारात सून दिसली. हातात चष्म्याचं घर होतं. चष्मेवाला स्वतःचाच चष्मा घरी विसरला होता, तोच द्यायला ती आली होती. कधीची उभी होती कुणास ठाऊक.

ती खुर्च्यांच्या मधून पुढे आली, घर टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "चष्मा राहिला होता."

तोच सपाट आवाज, मानेचा तोच कल. सगळ्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. सभागृह फुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती त्या टाळ्यांमधून पाठ करून निघून गेली, आणि काका चष्मा डोळ्याला लावून उभे राहिले. आता सगळं स्वच्छ दिसत होतं, पण बघायला कुठे जागा उरली नव्हती.

घरी काही झालं नाही. रडणं नाही, अबोला नाही. उलट दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "बाबा, कृपया मला स्क्रूची डबी मिळेल का?"

काका चमकले, मग सुखावले. "मिळेल की!"

"बाबा, मी आता जेवायला जाऊ का?" "बाबा, तुमची हरकत नसेल तर दिवा लावू का?" आठवडाभर हे चाललं. जिन्याची बातमी बंद झाली. शेवटी काका वर जाऊन काकूंना म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. थोडं लागलं असेल मनाला, पण बोलायची रीत सुधारली बघ."

काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"रीत सुधारली नाही. तिने तुमचा नाद सोडला."

"म्हणजे?"

"अहो, वर्षभर पोरगी आईसाठी ती खोली मागतेय. रोज मागतेय. आणि तुम्ही 'अरेरे'!"

"मागतेय? कधी मागितली? एकदा तरी म्हणाली, की बाबा, खोली द्या?"

"साऱ्या दुनियेच्या मागण्याचं मूळ शोधता, आणि घरातली मागणी कळत नाही? मला कळली ती. मी दोनदा म्हटलं, जरा पुस्तकं हलवा तिथली. तर तुम्ही मला कोश हा शब्द कुठून आला ते सांगितलंत." काकूंनी एक शेंग जरा जोरातच फोडली. "आता ऐका. तिचा भाऊ पहिल्या तारखेला आईला वृद्धाश्रमात ठेवतोय. पैसे भरून आलाय. ती तुम्हाला सांगणार नाही. मी सांगतेय."

काका खाली आले आणि दुपारच्या सवयीने मागच्या खोलीत शिरले. झोप कसली येते! जाड पडद्याने खोलीत अंधार केला होता. विनंती हा शब्द त्यांच्या आवडीचा. लोक समजतात नमण्यावरून, वाकण्यावरून आला. काका ऐटीत दुरुस्त करायचे, की जुने जाणकार तो विज्ञप्तीवरून आल्याचं सांगतात. म्हणजे नुसतं कळवणं. कळवलं की झाली विनंती. हे त्यांनी किती जणांना ऐकवलं होतं! आणि सून समोर बसून, चहाचा कप हातात घेऊन, वर्षभर कळवत होती. त्यांचे कान आतून तापले. ती नक्कल आठवली, मानेचा कल आठवला, आणि त्यांनी अंधारात कुणी नसताना तोंडावर हात घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकान सुनेवर टाकून, "जरा जाऊन येतो" एवढंच सांगून ते विहीणबाईंकडे निघाले. तो जिना त्यांनी मुलाच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. पायऱ्या उंच, कठडा हलणारा. तिसऱ्या मजल्यावर त्यांचाच श्वास फुलला. ज्या जिन्यावर सभेत टाळ्या घेतल्या, त्याच्यावर बसून राहायची वेळ त्यांच्यावर आली. वरून एक मुलगी उतरत होती, म्हणाली, "आजोबा, पाणी आणू?" ते मानेनेच नाही म्हणाले.

विहीणबाईंनी दार उघडलं. लहानखुऱ्या, तरतरीत, तुटक मराठी बोलणाऱ्या. एका पेटीत कपडे भरायला घेतले होते.

"या व्याही. बसा. पाणी?"

काका बसले. वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं होतं, त्यांच्याच रीतीने कळवायचं असं ठरवून. ते म्हणाले, "आमची मागची खोली मोकळी करता येईल."

"छान," विहीणबाई म्हणाल्या. "भाड्याने द्या. चांगले येतील."

काका गडबडले. "तसं नाही... तिथे जिना नाही."

"मग जास्त भाडं येईल."

म्हातारीच्या डोळ्यांत मिश्कीलपणा होता, पण ती सोडत नव्हती. आयुष्यभर लोकांना काचेआडून विचारत आलेल्या माणसाला समोरासमोर एक वाक्य जमेना. "तुम्ही... म्हणजे तुमची इच्छा असेल तर... आमच्याकडे राहायला याल का?" शेवटी ते निघालं, आणि निघालं तेही जमिनीकडे बघत.

विहीणबाई पेटीतल्या साडीची घडी करत राहिल्या.

"आमच्याकडे का मागत नाहीत, सांगितलं पोरीने?"

"नाही."

"मागितलं तर समोरच्याला डोळे नाहीत, असं म्हटल्यासारखं होतं. अपमान होतो त्याचा. म्हणून आम्ही फक्त दाखवतो. बघायचं काम त्याचं." त्यांनी साडी पेटीत ठेवली. "सभेचं कळलं मला. पोरगी नाही बोलली. शेजारणीचा भाऊ होता तिथे. खूप हसला म्हणाला."

काकांनी मान वर केली नाही. "चुकलं माझं," एवढंच पुटपुटले. माफी मागतो असंही त्यांच्या तोंडून निघेना. मागणं हा शब्दच त्या दिवशी जिभेला चटका देत होता.

"माझं काय, मी म्हातारी," विहीणबाई म्हणाल्या. "आश्रमात बाग आहे म्हणतात. येणं न येणं मी नाही ठरवणार. तिला विचारा. तुमच्या घरात तिला आई बघवणार असेल, तर मी येते. नाही म्हणाली तर पुन्हा हा जिना चढू नका, छाती चांगली नाही तुमची."

काका परतले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सून चाकाशी बसून काचेची कड घासत होती. काका पलीकडच्या स्टुलावर बसले, गिऱ्हाइकाच्या.

"तुझ्या आईकडे जाऊन आलो."

चाक चालूच राहिलं.

"त्यांना इथे, मागच्या खोलीत राहायला आणायचं म्हणतोय. त्यांनी तुझ्यावर सोडलंय." मग ते म्हणाले, "त्या दिवशी जे केलं ते घाण केलं मी. तू नाही म्हणालीस तरी माझं काही म्हणणं नाही. पण आणू का त्यांना?"

तिने काच उजेडात धरली, बोटाने कड तपासली, पुन्हा चाकाला लावली. काकांना वाटलं, आता "कृपया" येणार. ते आलं असतं तर काका मेल्याहून मेले असते.

चाकावरची नजर न काढता ती म्हणाली, "खोलीच्या दाराचा उंबरा उंच आहे."

काकांनी उंबऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ते रोज त्याच्यावरून पाय टाकत होते. खरंच उंच होता. म्हाताऱ्या पायाला अडेल इतका.

"सुताराला आजच बोलावतो," ते घाईघाईने म्हणाले.

"मी काही म्हटलं नाही, बाबा."

"नाही, नाही. तू काही म्हटलं नाहीस."

ते उठले. सुताराकडे जायला म्हणून दुकानाबाहेर आले आणि शिंप्याच्या दारात जरा वेळ उगाच उभे राहिले. शिंप्याने विचारलं, "काय काका, आज कोणत्या भाषेतला शब्द?" काकांना लग्नापासूनची सुनेची वाक्यं एकेक करून आठवत होती. आम्ही झोपतो त्या माळ्यावर पंख्याचा वारा पोहोचत नाही. यांचं येणं हल्ली महिन्यातून एकदाच होतं. मला रविवारी बाजाराचा रस्ता सापडत नाही. प्रत्येकाला त्यांनी काय उत्तर दिलं होतं, तेही आठवत होतं.