रविवारचा मोटारवाद

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्ही दोघे फार लहान होतात. त्यांचा आवाज तुम्हाला आठवत नसेल. एरवी ते हळू बोलत, पण रविवारी सकाळी तो आवाज फाटकाबाहेर ऐकू जायचा, आणि कारण एकच, मोटारी. ती हकीगत क्रमाने लिहून ठेवते.

ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातून ते इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही वसाहतीबाहेर लहानसे घर बांधले. दर रविवारी चंद्रपूरहून एक मिस्त्री स्कूटरवर यायचे. गॅरेज त्यांच्या वडिलांपासूनचे. आमची छोटी गाडी त्यांच्याच हाताखाली होती. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला बाई आणि आजोबांना साहेब.

माझ्याकडे वाचनाचे काम होते. मोटारींचे एक इंग्रजी मासिक टपालाने यायचे. भाऊंना इंग्रजी येत नव्हते, आणि मोतीबिंदूमुळे आजोबांना बारीक अक्षर दिसत नव्हते. मी व्हरांड्यात बसून एक परिच्छेद वाचायची, मराठीत सांगायची, आणि दुसरा सुरू करायच्या आत दोघे सुटायचे.

त्या काळात उंच टपाच्या छोट्या गाड्या नव्याने आल्या होत्या. आजोबांना त्या आवडायच्या.

"पाठ न वाकवता आत बसता येतं, आणखी काय पाहिजे?" ते म्हणत.

"बसाले सोफा घ्या ना साहेब," भाऊ म्हणत. "वळणावर ते गाडी अशी झुकते, जसा पानठेल्याले टेकलेला मानूस."

"तुम्ही वळणात ब्रेक दाबत असाल."

"मी? वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाई, हे माह्या बापानं मले लायसनच्या आधी शिकवलं!"

एकदा मासिकात बातमी होती की एका मोटार कंपनीला नवा प्रमुख नेमायचा आहे. तो वाद तीन रविवार पुरला. आजोबांचे म्हणणे, इंजिनिअरच हवा. हिशेबातला माणूस आणून बसवला की पत्रा पातळ होतो आणि रंगही पातळ होतो.

"अन् इंजिनिअर बसवला तं गाडी कारखान्याच्या भायेरच निंगत नाई," भाऊ म्हणाले. "नकाशावर नकाशा, नकाशावर नकाशा. ज्याच्या डोळ्यात एक डाव तरी गाडीखालचं तेल पडलं, असा मानूस पायजे खुर्चीत."

"मग तुम्हीच अर्ज करा."

"करतो ना. इंग्लिश बाई लिहून देतीन."

त्यांचा एक नियम होता. आमच्याकडे कोळशाची बारीक धूळ सारखी बसते, गाडी रोज पुसावी लागते. जो आधी "बरोबर आहे" म्हणेल, त्याने त्या रविवारी गाडी पुसायची. इतक्या वर्षांत दोघांपैकी कोणीही ते म्हटले नाही. सोमवारी गाडी मीच पुसायची.

माझे मत कोणी विचारले नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. परिच्छेद कुठे थांबवायचा हे माझ्या हातात होते. वाद थंडावतोय असे दिसले की मी मुद्दाम पुढच्या परिच्छेदातली एखादी आगलावी ओळ आधी वाचायची.

आजोबा गेल्यावर भाऊ तेराव्याला आले आणि मग यायचे थांबले. एकट्या बाईच्या व्हरांड्यात परक्या पुरुषाने येऊन बसायचे नाही, ही रीत मलाही ठाऊक होती. मासिक मात्र येत राहिले. मी ते घरात मोठ्याने वाचून पाहिले. दोन पानांनंतर बंद केले.

तुमचे बाबा फोनवर म्हणत, गाडी विकून इकडे ये. मला गाडी विकायची नव्हती. मला तो रविवार परत हवा होता. शेवटी मीच गॅरेजमध्ये निरोप धाडला, नवा अंक आला आहे, घरच्यांना घेऊन या.

भाऊ आले, बायकोला घेऊन आले. त्या माझ्याशेजारी बसल्या आणि भाऊ पायरीजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला. मी वाचले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे मत सांगितले. "मला वाटतं, कंपनीचा प्रमुख विक्रीचं काम केलेला माणूस असावा. गिऱ्हाईक त्यालाच कळतं."

"बरोबर आहे बाई," भाऊ म्हणाले. आणि उठून फडके मागितले.

त्यांनी सगळी गाडी पुसली, चाकांच्या वाट्यांसकट. पुढच्या रविवारीही तेच झाले. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम वेडगळ बोलले, की छोट्या गाडीला ट्रकची चाके लावली तर ती वळणावर घट्ट बसेल. ते माझ्याकडे पाहत राहिले. ओठ हलल्यासारखे वाटले.

"असंन बाई," ते म्हणाले, आणि फडक्याकडे गेले.

चौथ्या रविवारी मी म्हटले, गाडी वळणावर बिघडल्यासारखी वाटते, जरा बघता का? बिघडले काहीच नव्हते. मूल गावाच्या रस्त्याला जंगलात मी गाडी चालवत होते, भाऊ शेजारी, त्यांची बायको मागे. एका वळणावर समोर वानरे दिसली आणि मी वळणातच ब्रेक दाबला. गाडी बाहेर सरकली, पुन्हा रस्त्यावर आली.

"काय करून राह्यले! वळणात ब्रेक मारते का कोनी? किती डाव सांगाचं!"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी तडक म्हणाले, "समोर वानरं होती. मी केलं तेच बरोबर."

मी उत्तराची वाट पाहिली. भाऊंनी मान खाली घातली होती. "माफ करा बाई. तोंडातून निंगून गेलं. साहेब असते तं..." आणि घर येईपर्यंत ते माफीच मागत राहिले. मागून त्यांच्या बायकोनेही दोनदा मागितली.

त्यांच्याकडून वाईट असे काही झाले नव्हते. त्यांनी मला मान दिला. पण भांडता येईल असा कोणी आता मला उरला नाही, हे त्या दिवशी कळले. मी गाडी विकली आणि मासिक बंद केले. तुमच्या बाबांकडे मात्र गेले नाही.

परवा फोनवर मी म्हटले, तुझी नवी गाडी उगाच लांबलचक आहे, छोटी वळायला बरी असते. तू लगेच म्हणालास, "हो आजी." तुझ्या बहिणीनेही मागून "हो आजी" म्हटले.

गाडीतले मला कळते. पुढच्या वेळी नाही म्हणा, आणि का नाही तेही सांगा. मी फोन लवकर ठेवणार नाही.