बहात्तर तारांचं चाक

कुसगावच्या फाट्यावर, मुंबई-पुणे रस्त्याला लागून, गोरखचं पंक्चरचं दुकान होतं. चार बांबूंवर एक पत्रा, हातपंप आणि पाण्याची परात. टायर सोडवायचं काम गोरख करी. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तो लष्करी वर्कशॉपात शिकला होता. ट्यूब मात्र त्याची बायको भागुबाई बघायची. ट्रकवाले उतरताच विचारत, "मावशी हायेत का?" नसल्या तर बिडी पेटवून थांबत.

भागुबाई मूळच्या आंबीच्या. शाळा पाहिली नव्हती. फुगवलेली ट्यूब वरच्या ओठाजवळून फिरवून त्या भोक सांगत. सुईच्या टोकाएवढं असलं तरी. मग ट्यूब परातीत बुडवत आणि बुडबुडे तिथूनच निघत. पाणी कशाला लागतं, असं एकानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला न्हाई लागत. गिऱ्हाइकाला लागतं."

त्यांचा एक नियम होता. व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण केल्याशिवाय गोरखला पहार लावू द्यायच्या नाहीत. ट्यूबचं भोक टायरच्या कुठल्या जागी होतं, ते त्यावरून कळे.

१९६६ च्या डिसेंबरात निवृत्ती नावाचा ड्रायव्हर भुशीच्या वाटेवरच्या एका बंगल्यातली जुनी मोटार घेऊन आला. विलायती गाडी, १९३१ सालची, एकेका चाकाला बहात्तर तारा. अशा चाकाच्या रिमला तारेगणिक भोक असतं, तिथून हवा निसटायचीच. म्हणून आत ट्यूब लागते. दिवाळीपासून डाव्या मागच्या चाकाच्या तीन ट्यूब फुटल्या होत्या. गाडीच्या मालकाचं, मुंबईच्या शेटचं म्हणणं, निवृत्ती गाडी दगडांवर घालतो. चौथी फुटली तर किल्ल्या ठेवायच्या, असं त्यांनी बजावलं होतं. निवृत्तीची बावीस वर्षांची नोकरी होती आणि बायकापोरं बंगल्यामागच्या खोलीत राहत होती.

"फुटक्या ट्यूबी कुटं हायेत?" भागुबाईंनी विचारलं.

"डिकीत. शेट म्हनले, पुरावा म्हणून ठेव."

"शाना हाय तुजा शेट."

त्यांनी तिन्ही ट्यूब व्हॉल्व्हवर व्हॉल्व्ह ठेवून एकीवर एक पसरल्या. तिन्ही भोकं एका बोटाखाली आली, आणि तिन्ही पोटाकडून, म्हणजे रिमच्या बाजूला. दगड लागला असता तर भोक बाहेरच्या अंगाला पडलं असतं.

"दगडाचा गुन्हा न्हाई ह्यो," त्या म्हणाल्या.

गोरखनं खूण करून चाक सोडवलं आणि टायर उतरवला. दोन कारागिरांनी आधी ही रिम तपासली होती. आतून गुळगुळीत, गोरखच्या बोटांनाही काही लागलं नाही. भागुबाईंनी रिमला हात लावलाच नाही. पाना घेतला आणि चाक उभं धरून एकेक तार वाजवायला लागल्या, बाजारात मडकं वाजवून घेतात तशा. टण, टण, टण. रस्त्याकडेला दोन ट्रकवाले येऊन उभे राहिले. चाळिसावी की एकेचाळिसावी तार ठप्प बोलली. तिच्या शेजारचीही तशीच. रिममधल्या व्हॉल्व्हच्या जागेपासून हिशेब केला. ट्यूबच्या भोकांची जागा तीच.

"हितं आतनं बोट ठेव," त्यांनी निवृत्तीला सांगितलं. गोरखनं बाहेरून ती तार अंगठ्यानं रिमकडं रेटली. तारेच्या टोकाची पितळी टोपी रिममधून तांदळाच्या कणीएवढी वर आली. हात काढला, पुन्हा बसली. गाडीचं वजन पडलं की ती वर येई आणि ट्यूबला टोची. चाक सोडवलं की काहीच दिसत नसे.

निवृत्तीनं त्या जागेवरून पुन्हा बोट फिरवलं.

"शेट कुटल्या अंगाला बसत्यात?" भागुबाईंनी विचारलं.

"मागं, डावीकडं. नव्वद किलो तरी असतील."

"मग तार बिचारी काय करल?" ट्रकवाले हसले. भागुबाईंनी बोट तारेच्या मुळाशी लावून हुंगलं. "तेल कुनी घातलं?"

"मीच," निवृत्ती म्हणाला. दसऱ्याला गाडीची पूजा करताना त्यानं चारी चाकांच्या तारांना मुळाशी गोडेतेल सोडलं होतं. तारा कुरकुरत होत्या म्हणून.

"सैल झाल्यात म्हणून सांगत होत्या त्या. तू तेल घालून त्यांचं त्वांड बंद केलंस."

"मावशी, शेटला सांगू नका."

"इचारल्याबिगर सांगनार न्हाई. इचारलं तर खोटं बोलनार न्हाई."

गोरखनं तारा कसल्या. भागुबाईंनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून रिमवर बसवला, नव्या ट्यूबला संगजिऱ्याची पूड चोळली आणि टायर चढवला.

रविवारी शेट स्वतः निवृत्तीला घेऊन त्याच गाडीतून दुकानावर आले. म्हणाले, "बाई, खरं सांगा. चूक ड्रायव्हरची ना?"

भागुबाईंनी निवृत्तीकडं पाहिलं. त्या तोंड उघडणार तेवढ्यात तोच पुढं झाला. "माझीच, साहेब. दगड नव्हता. तेल होतं." मग त्यानं सगळं सांगितलं, कुरकुरीपासून.

 शेट मागं डावीकडं, आपल्या जागेवर जाऊन बसले आणि निवृत्तीला म्हणाले, "खोपोलीपर्यंत उतर आणि परत चढ."

गाडी घाट उतरून चढून आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. हवा होती तेवढीच. भागुबाईंना ते पुरेसं नव्हतं. त्यांनी चाक पुन्हा सोडवायला लावलं. ट्यूबच्या पोटावरची पूड त्या जागी जशीच्या तशी होती. शेटनी कोट काढला, बाही वर सारली आणि रिममध्ये हात घालून सगळं चाक चाचपलं. नंतर पाना मागून घेतला आणि एक तार वाजवली, मग दुसरी. कान लावून ऐकत राहिले. त्यांना फरक कळला नाही.

"तुला कळतो?" त्यांनी निवृत्तीला विचारलं.

"न्हाई साहेब. मावशीला कळतो."

"मग दर महिन्याला चारी चाकं ह्यांच्याकडं आणायची. तूच आणायची."

निवृत्तीनं किल्ली खिशात टाकली आणि चाक बसवायला गोरखच्या शेजारी उकिडवा बसला.